शब्दचर्चा : डू-वॉप, स्मरणरंजन, गतकातरता

प्रश्न : १९५० च्या आगेमागे गाणाऱ्या अमेरिकी कृष्णवर्णीय गायकगटांवर लेख लिहिते आहे. दोन ठिकाणी अडले. ‘ओरिओल्स हा १९४८ चा डू-वॉप गट’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ती गाणी ऐकताना जी हुरहुर लागते, तिला स्मरणरंजन म्हणावं का?

प्रतिसाद : पहिलं नका लिहू. तेव्हा या गाण्याला ते नाव नव्हतंच. ओरिओल्सचं ‘इट्स टू सून टू नो’ १९४८ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या, कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा त्या यादीचं नाव ‘रेस रेकॉर्ड्स’ होतं. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नावसुद्धा १९४९ चं.

‘डू-वॉप’ हे मुळात निरर्थक बोल. मुख्य गायक शब्द गायचा आणि मागचे तिघं-चौघं असले बोल धरायचे. वाद्यांसाठी पैसे नसायचे. मग मुलं नाक्यावर, जिन्यात, भुयारी रेल्वेच्या स्थानकात, म्हणजे आवाज घुमेल तिथे जमायची आणि बास, सॅक्सोफोन सगळ्यांचं काम गळ्यानं करायची. टर्बन्स या गटाच्या ‘व्हेन यू डान्स’मध्ये (१९५५) हे बोल ऐकू येतात. फाइव्ह सॅटिन्सच्या ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’मध्येही (१९५६) आहेत; ते गाणं न्यू हेवनमधल्या एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालं होतं. जमलं तर हेडफोन लावून ऐका, त्या तळघराचा गारवा आवाजात उतरलाय असं मला नेहमी वाटतं.

पण अख्ख्या प्रकाराला हे नाव छापून आलं ते १९६१ मध्ये, ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात. १९७० नंतर न्यूयॉर्कचे रेडिओ निवेदक गस गॉसर्ट यांनी ते घरोघरी पोचवलं. गाणारे ऐन भरात होते तेव्हा या गाण्याला हे नाव नव्हतं. ते दुरावू लागल्यावर ऐकणाऱ्यांनी त्याला हाक मारण्यासाठी त्याच्याच पोटातले बोल उचलले. म्हणून ‘ज्या शैलीला पुढे डू-वॉप म्हणू लागले’ असं लिहा.

प्रतिसाद : मागच्या गायकांना ‘झीलकरी’ म्हटलं तर? छान मराठी शब्द आहे.

प्रतिसाद : शब्द माझाही लाडका, पण इथे बसत नाही. झीलकरी शाहिराची ओळ उचलून ‘जी जी रं जी’ म्हणत पुढे नेतात. इथे प्रत्येक जण एकाच वेळी वेगळा स्वर धरतो आणि त्यातून एक मेळ उभा राहतो. साथगायक म्हणा.

आता स्मरणरंजन. त्यातलं ‘रंजन’ मला खटकतं. ज्यासाठी आपण तो वापरतो तो नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर यांनी एका आजारासाठी घडवला : ग्रीक ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. जुन्या रेकॉर्डी काढून मित्रांबरोबर संध्याकाळ घालवली, तर ते स्मरणरंजन. वेदना सांगायची असेल तर गतकातरता. शिवाय ‘कातर’ हे विशेषण आपण आवाजालाही लावतो. ओरिओल्सच्या सनी टिलचा आवाज ऐका, दुसरं विशेषण सुचणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती : मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे : ‘ज्या शैलीला पुढे डू-वॉप म्हणू लागले, तिच्या पहिल्या गटांपैकी ओरिओल्स एक, सनी टिलच्या कातर आवाजामागे साथगायकांचा मेळ हलकेच चालत राहतो.’ गतकातरता हा शब्द शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवला आहे.