नवी ६५० ट्विन: बायपासवर स्वर्ग, सिग्नलला बंद! मदत हवी आहे (तातडीने)

नवस्वार_पुणे:
मंडळी, शनिवारी ताम्हिणी घाटात जायचं ठरलंय, त्याआधी उत्तर मिळालं तर उपकार होतील.

नवी ६५० सीसीची बाईक घेतली. पहिल्यांदा देहूरोड-कात्रज बायपासला काढली आणि वेड लागलं. सहाव्या गिअरमध्ये सत्तरला असताना नुसता कान पिळला तरी ट्रक मागे पडतो, गिअर पाडायची गरजच नाही. शंभरला गाडी इतकी शांत की वेग काट्यावर बघितल्यावर कळतो. स्कूटरवर शंभर म्हणजे सगळं अंग थरथरायचं.

पण गावात शिरलं की हीच गाडी वैर धरते. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. क्लच दाबून उभं राहावं तर डावा हात मनगटापर्यंत बधिर. रांगेत सरकताना बंद पडते, यू-टर्नला तर हमखास. काल वाकडच्या चौकात रिक्षावाल्याने विचारलं, "दादा, ढकलू का?" घरचे म्हणतायत विकून टाक.

एवढी महाग गाडी अशीच असते का, की माझ्याच वाट्याला असा पीस आला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चेनस्प्रॉकेट:
कोणती ६५०? किती किलोमीटर झाले? तुझी उंची किती? आधी गिअरची गाडी चालवली आहेस का?

नवस्वार_पुणे:
नाव लिहीत नाही, मागच्या धाग्यावर कंपन्यांवरून काय रणकंदन झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, गोल दिवा. उंचीचा आणि बंद पडण्याचा काय संबंध?

सातारी_झणका:
गोल दिवा म्हटल्यावर कळलं. 😄 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

राजदूतवाले_काका:
आम्ही १९८५ साली राजदूत ३५० चालवायचो. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पुढे-मागे ड्रम ब्रेक. ना एबीएस, ना स्लिपर क्लच. कॅम्पातून कोथरूडला डबलसीट यायचो, एकदाही बंद पडली नाही. आजकालच्या पोरांना सगळं आयतं पाहिजे. कार्ब्युरेटर साफ करून घे आणि आयडलिंगचा स्क्रू अर्धा फेरा वाढव. होईल ठीक.

चेनस्प्रॉकेट:
काका, एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) आहे. या गाडीला कार्ब्युरेटरच नाही, इंजेक्शन आहे. स्क्रू शोधायला जाईल आणि भलतंच काहीतरी खोलून ठेवेल.

राजदूतवाले_काका:
म्हणूनच बंद पडते.

करदाता_नाशिक:
मुळात ३५० च्या वर जायचंच कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर थेट ४०. आधी वरच्यांना सेससकट ३१ होता, खालच्यांना २८. म्हणजे खालची गाडी स्वस्त झाली आणि वरची महाग. शहरात ३५० भरपूर होते. माझी तीच आहे, लडाखला जाऊन आलो.

घाटकन्या:
करदाता, त्याने घेतली आहे. घ्यावी का, असं विचारलेलंच नाही.

करदाता_नाशिक:
पुढच्या वाचकांसाठी लिहिलं. धागे लोक नंतरही वाचतात.

क्रँकशास्त्री:
यामागचं कारण कुणीच सांगत नाहीये. या इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) २७० अंशाचा आहे. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये ३६० असायचा, म्हणजे दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली आणि ठिणगी सारख्या अंतराने. इथे एक ठिणगी २७० अंशांनी, पुढची ४५० अंशांनी. आवाजाला तो व्ही-ट्विनसारखा ठेका येतो तो त्यामुळेच. पण कमी आरपीएमला ताकद सलग न मिळता तुटक मिळते, चेनला झटके बसतात, गाडी गुटमळते. रचनाच तशी आहे. सवय करून घ्या.

चेनस्प्रॉकेट:
ठेक्याचं बरोबर, निष्कर्ष साफ चूक. माझा मित्र हीच गाडी रोज हिंजवडीला नेतो, गुटमळत नाही. साधारण ५२ न्यूटन मीटर टॉर्क आहे, पहिल्या गिअरमध्ये नुसता क्लच सोडला तरी चालायला लागते. झटके तिसऱ्यात पंचवीसने गेलं तर बसतील, ते कुठल्याही गाडीला बसतील. आणि २७० अंशामुळे न्यूट्रल सापडत नाही म्हणता? तिथे क्रँकचा काय संबंध?

क्रँकशास्त्री:
न्यूट्रलबद्दल मी बोललोच नाही. प्रतिसाद नीट वाचावा.

नवस्वार_पुणे:
कृपया भांडू नका. माझं उत्तर राहिलं. शनिवार जवळ आलाय.

घाटकन्या:
नवस्वार, तुझ्या तक्रारी एकत्र लावून बघ: न्यूट्रल सापडत नाही, हात दुखतो, हळू चालताना बंद पडते. तिन्हींचा रोख क्लचकडे आहे. चार गोष्टी सांग, "काय संबंध" न विचारता:
क्लच पूर्ण दाबून पहिल्यात टाकलीस की गाडी किंचित पुढे सरकते का?
इंजिन बंद असताना न्यूट्रल सहज पडतो का?
क्लच लिव्हरला दाबण्याआधी सैलपणा किती आहे?
गाडी कधी पडली आहे का?

मध्यमवजन:
सिग्नलला न्यूट्रल करायचाच कशाला? पहिल्यात, क्लच दाबून, आरशात बघत थांबायचं. मागून टेम्पो आला तर निसटता येतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं.

सातारी_झणका:
आणि दीड मिनिटाच्या सिग्नलला क्लच प्लेटा जाळायच्या?

मध्यमवजन:
क्लच पूर्ण दाबलेला असेल तर प्लेटा सुट्या असतात, तेलात असतात, जळत नाहीत. अर्धवट क्लचवर जळतात. हा गैरसमज दर धाग्यात येतो.

राजदूतवाले_काका:
पण बेअरिंग आणि केबल? मी चाळीस वर्षं न्यूट्रल करतोय. मागची गाडी थांबेपर्यंत पहिल्यात, ती थांबली की न्यूट्रल.

मध्यमवजन:
काका, हे तर मलाही मान्य आहे.

राजदूतवाले_काका:
मग वाद कसला घालतोयस?

नवस्वार_पुणे:
घाटकन्या ताई, तपासलं. हो, पहिल्यात टाकल्यावर पुढे ओढते, ब्रेक दाबून धरावा लागतो. मला वाटलं मोठ्या गाडीची ताकद असते तशी. इंजिन बंद असताना न्यूट्रल लगेच पडतो. सैलपणा म्हणजे नक्की काय ते कळलं नाही, पण लिव्हर थोडी आत गेल्यावरच काहीतरी लागल्यासारखं वाटतं. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या डाव्या अंगावर पडली होती, पण इंजिनला काही झालं नाही, फक्त लिव्हर तुटली. ती बदलली सुद्धा. त्यामुळे तो विषय संपलेला आहे.

चेनस्प्रॉकेट:
बदलून कोणती बसवली?

नवस्वार_पुणे:
ऑनलाइन मागवलेली शॉर्ट लिव्हर, जोडीने. काळी, घडीची, सहा आकड्यांचा ॲडजस्टर असलेली. ओरिजिनलला थांबावं लागणार होतं. जवळच्या गॅरेजवाल्याने पंधरा मिनिटांत बसवून दिली. दिसते एकदम भारी.

घाटकन्या:
सापडलं! 🙏

क्लच केबलला ठराविक लांबीची ओढ मिळाली तरच प्लेटा पूर्ण सुटतात. तुझ्या लिव्हरच्या खुंटीपासून (जिच्यावर लिव्हर फिरते ती) केबलचं भोक ओरिजिनलपेक्षा जवळ असेल, किंवा केबलमध्ये सैलपणा जास्त ठेवला असेल, तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही क्लच थोडा लागलेलाच राहतो. म्हणून गाडी ओढते, गिअरबॉक्सवर ताण राहतो आणि न्यूट्रल सापडत नाही. ब्रेक मारत थांबताना इंजिन चाकाशी जोडलेलंच राहिल्यामुळे बंद पडतं. इंजिन थांबलं की ताण जातो, मग न्यूट्रल सहज पडतो. हे तू स्वतःच लिहिलंयस.

हाताचं कारणही त्यातच आहे. लिव्हर आखूड झाली की बोटं खुंटीच्या जवळ येतात आणि तोच क्लच दाबायला जास्त जोर लागतो. त्यात ॲडजस्टर लांबच्या आकड्यावर असेल तर बघायलाच नको.

क्रँकशास्त्री:
शक्यता आहे. तरी झटक्यांसाठी चेनही तपासावी. नवी चेन सुरुवातीला ताणते, ढिली झाली की गॅस सोडता-धरता खटका बसतो.

चेनस्प्रॉकेट:
हे मात्र पटलं.

विकासवाटा:
साइड स्टँडचा सेन्सरही बघा. माझी गाडी स्टँड पूर्ण वर न गेल्याने बंद पडायची, महिनाभर इंजेक्टरला शिव्या देत होतो.

नवस्वार_पुणे:
पण लिव्हरचे रिव्ह्यू साडेचार स्टार आहेत. आणि बायपासवर काहीच त्रास नाही, मग क्लच खराब कसा?

घाटकन्या:
बायपासवर तू क्लच दाबतोस किती वेळा? क्लच खराब नाहीच, तो पूर्ण सुटत नाही एवढंच. ओरिजिनल लिव्हर लाव, केबलचा सैलपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेव (दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असतो), आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघ, सैलपणा कमी-जास्त व्हायला नको. झाला तर केबल कुठेतरी अडकतेय.

मिसळप्रेमी:
ताम्हिणीला चालला आहात तर पौडनंतर लवकर पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. मुळशीच्या अलीकडे नाश्ता उरका. पावसाळा असेल तर धबधब्यापाशी उभ्या गाड्यांमधून जपून, शेवाळ असतं.

करदाता_नाशिक:
मायलेज किती देते हो?

नवस्वार_पुणे:
पंचवीसच्या आसपास. मंडळी, अपडेट. ओरिजिनल लिव्हर मिळाली, बसवली, केबल सेट केली. न्यूट्रल आता पहिल्या फटक्यात पडतो आणि गाडी ओढत नाही. हातही बराच हलका. चेनही ढिली निघाली, शास्त्रीबुवा, तुमचाही मान राखला. पण यू-टर्नला अजून बंद पडते. लिव्हर बदलूनही का?

चेनस्प्रॉकेट:
आता तरी सांग. आधी गिअरची गाडी चालवली आहेस का? पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

नवस्वार_पुणे:
बाबांची १०० सीसी, कॉलेजात. मग दहा वर्षं स्कूटर. यू-टर्नला दोन्ही ब्रेक हलके धरतो, स्कूटरसारखे, आणि गॅस सोडतो.

मध्यमवजन:
पुढचा ब्रेक, हँडल वळलेलं, गाडी दोनशे किलोच्या वर. पडली नाहीस हेच नशीब!

घाटकन्या:
यू-टर्नला उजव्या हाताची बोटं ब्रेकवरून काढायची. पहिल्या गिअरमध्ये, गॅस थोडा आणि एकसारखा, सोडायचा नाही. वेग आवरायला अर्धा क्लच आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका. इंजिन चालू ठेवायला गॅस, वेग कमी ठेवायला पाय. आणि नजर जिथे जायचंय तिथे, खांद्यावरून मागे, चाकासमोर नाही. चाकाकडे बघितलंस की गाडी तिथेच झुकते.

माझी उंची पाच फूट दोन इंच आणि सीट ८०४ मिलिमीटर, दोन्ही पाय टेकत नाहीत. एक डावा टेकवते, उजवा ब्रेकवर. म्हणून चेनस्प्रॉकेटने उंची विचारली होती. दोन्ही पाय खाली टाकून सरकत वळशील तर ब्रेकला पाय उरतोच कुठे? रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात आठ काढत बस. ताम्हिणी आठवडाभर थांबेल.

राजदूतवाले_काका:
आठ काढणे उत्तम. आम्ही राजदूतवर एका हाताने काढायचो.

नवस्वार_पुणे:
ग्रुपचं बुकिंग झालंय ताई, शनिवार टळणार नाही. शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून बालेवाडीच्या बाजूला कुठे मोकळी जागा मिळते का बघतो. कुणाला माहीत असेल तर सांगा.

सातारी_झणका:
जागा माहीत नाही. पण ती काळी शॉर्ट लिव्हर जोडी विकणार का? माझ्या गाडीला ओढण्याबिढण्याची फिकीर नाही, ती तशीही शोकेसलाच असते.