लंबकाचं घड्याळ घर बदलल्यावर मागे पडतंय

बक्षीबागकर: राजवाड्याजवळच्या वाड्यातून आठ दिवसांच्या चावीचं जुनं जर्मन घड्याळ नव्या फ्लॅटमध्ये आणलंय. रोज ४ मिनिटं मागे पडतं, मधूनच बंद पडतं आणि तीन वाजता सात टोले देतं. इंदूरच्या उन्हाने लंबकाची दांडी लांबली असेल का? खोबरेल सोडलं तर चालेल?

टिकटॉक: ऊन निर्दोष आहे. पोलादी दांडी दर अंशाला दिवसाकाठी जेमतेम अर्धा सेकंद मागे टाकते. २० अंशांचा फरक धरला तरी १०-१२ सेकंद. मिनिटाची टिकटिक मोजा. साधारण १२० भरली तर लंबकाची परिणामी लांबी (टांगल्या जागेपासून साधारण गोळ्याच्या मध्यापर्यंत) सुमारे २५ सेंमी, आणि तिथे १ मिमीला दिवसाची जवळपास ३ मिनिटं जातात. म्हणजे तुमच्या लंबकाचा गोळा दीड मिमीच्या आतच खाली आलाय. हलवाहलवीत खालचा नट फिरला असणार. नट उजवीकडे फिरवला की गोळा वर, घड्याळ जलद. अर्धा फेरा द्या आणि पूर्ण २४ तास थांबा. तासातासाला पिळत बसलात तर कधीच जमणार नाही.

बंद पडण्याचं कारण वेगळं. टिक आणि टॉकमधलं अंतर असमान असेल तर पेटीचं खालचं टोक डावी-उजवीकडे सरकवा, आवाज सारखा झाला की भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. पेटी फारच तिरकी दिसली तर ती सरळ टांगून, लंबक काढून, दांडीला ढकलणारी तार कणभर वाकवा. वरचा अँकर, म्हणजे चाकाचे दात एकेक करून सोडणारा आकडा, दुसऱ्या हाताने धरायचा. लंबक टांगलेली पातळ पट्टी दुमडली की ती बदलावीच लागते.

चावीकाका: खोबरेल अजिबात नको! २४ अंशांखाली थिजतं, डिसेंबरात घड्याळ जागच्या जागी. घड्याळाचंच तेल, सुईच्या टोकाने, फक्त चाकांच्या आसांच्या भोकांत आणि अँकरच्या टोकांना. दात कोरडेच ठेवा, तेलाला धूळ चिकटून त्यांची झीज होते. जुनं तेल काळं पडलं असेल तर वरून नवं घालून उपयोग नाही, आधी साफसफाई हवी. पण स्प्रिंगचा पीळ उतरवल्याशिवाय चाकं धरणाऱ्या प्लेटी उघडू नका, बोटं जातील.

टोल्यांचं सोपं. मिनिटकाटा बारावर आणा, पडतील ते टोले मोजा, मग फक्त तासकाटा त्या आकड्यावर न्या. तो नुसता घट्ट बसवलेला असतो. पुढे मिनिटकाटा फिरवताना दर तासाला आणि अर्ध्या तासाला टोले पूर्ण पडू द्या.

बक्षीबागकर: ११९-१२० भरली. पण उन्हाचा फरक इतका किरकोळ, तर पाऱ्याचे लंबक कशाला केले?

टिकटॉक: वेधशाळेला १० सेकंदही फार. लंडनचा घड्याळजी ग्रॅहम, त्याने १७२१ च्या सुमारास लंबकाला पाऱ्याची बरणी टांगली. दांडी लांबली की पारा वर चढतो, हिशोब जुळतो. १८९६ मध्ये गियोम या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने इन्व्हार हा जेमतेम प्रसरण पावणारा मिश्रधातू शोधला, त्याला १९२० चं नोबेल मिळालं. जागेनेही फरक पडतो, पण वाड्यातून फ्लॅटमध्ये नेऊन नाही. रिशेर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं घड्याळ १६७२ मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेलं आणि रोज अडीच मिनिटं मागे पडलं, कारण विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी. तुमचं प्रकरण नटाचं आहे, भिया. फिरवा अर्धा फेरा.