शब्दचर्चा: 'लीन' मिश्रणाला 'पातळ' म्हणायचं का?

शब्दशोधक
मॉडेल विमानांच्या फोरस्ट्रोक ग्लो इंजिनावर नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'रिच' (इंधन जास्त) आणि 'लीन' (इंधन कमी) मिश्रणासाठी 'घट्ट' आणि 'पातळ' हे शब्द घेतलेत. 'स्ट्रोक'ला 'धक्का' म्हटलंय. आणि एक वाक्य असं आहे: 'टॅपेट वाजत असेल तर टाइट करा.' कुठं अडेल का?

उद्यमनगरी
तिन्ही ठिकाणी अडेल. पण आधी 'पातळ' काढा, नाहीतर कुणाचं तरी इंजिन जाईल.

कोल्हापुरात रस्सा पातळ झाला म्हणजे वाटीत पाणी जास्त. तुमच्या इंजिनात जाणारा पातळ पदार्थ म्हणजे इंधन. वाचणारा 'पातळ' म्हणजे इंधन जास्त असं धरणार, आणि ते कमी करायला कार्ब्युरेटरची इंधन सोडणारी सुई आणखी मिटणार. अर्थ नेमका उलटा.

कोशप्रेमी
मग 'विरळ मिश्रण' घ्या की. शब्द शुद्ध आहे आणि कळतोही.

उद्यमनगरी
कळतो, पण हवेसाठी. कोल्हापुरातून पन्हाळ्यावर गेलात की हवा विरळ होते. विरळ हवेत ऑक्सिजन कमी, सुई तिथंच ठेवली तर मिश्रण रिच होतं. म्हणजे 'हवा विरळ, म्हणून मिश्रण विरळ नाही' असं वाक्य लिहायची वेळ येणार.

मी 'लीन'ला 'कोरडं' आणि 'रिच'ला 'ओलं' सुचवेन. त्याला कारण आहे. या इंजिनाला वेगळं ऑइल पंप वगैरे काही नसतं. मिथेनॉलमध्येच साधारण १५ ते २० टक्के तेल मिसळलेलं असतं, वर थोडं नायट्रोमिथेन. इंधन कमी गेलं की तेलही कमी जातं, आणि मिथेनॉलची वाफ होताना जो गारवा मिळतो तोही कमी. सगळंच कोरडं. शब्द वाचला की पुढं काय होणार ते दिसतं.

धावपट्टी
'कोरडं'ला माझंही मत. त्याच्या शेजारी इशारा पण लिहा: फोरस्ट्रोक कोरडं पडलं की ठिणगीच्या वेळेआधीच पेटतं. (ग्लो प्लगमध्ये तापलेली तार असते, ठिणगी नसतेच, पण बोलताना असंच म्हणतात.) दट्ट्या वर येता येता उलटा झटका बसतो, नट सैल होतो आणि पंखा सुटून पुढं उडतो. म्हणून या इंजिनांच्या शाफ्टवर दोन नट देतात. दुसरा लॉकनट 'शोभेचा' समजून काढून ठेवणारे असतात, त्यांच्यासाठी ठळक अक्षरात लिहा. आणि सुई लावताना पंख्याच्या मागं उभं राहायचं.

शब्दशोधक
मग सुई लावायची कृती या शब्दांत कशी येईल?

धावपट्टी
थ्रॉटल पूर्ण उघडा. सुई एक-एक खटका मिटत जा, दर खटक्यानंतर तीन-चार सेकंद थांबा, कारण फेरे बदलायला वेळ लागतो. फेरे सर्वात वर पोचले की तिथं सोडू नका, मिनिटाला २०० ते ३०० फेरे उतरेपर्यंत परत ओलीकडं या. मग कुणीतरी विमान घट्ट धरून नाक आभाळाकडं करायचं, दहाएक सेकंद. आवाज बसला तर अजून कोरडं आहे, एक-दोन खटके उघडा.

टूस्ट्रोक ओलीकडून सुरात येताना आवाज स्पष्ट फुटतो. फोरस्ट्रोकमध्ये तसं ऐकू येत नाही, कान फसतो. फेरे मोजणारा टॅकोमीटर घ्याच.

आयडलसाठी इंधनाची नळी चिमटून बघा. लगेच बंद पडलं तर खालची, म्हणजे कमी वेगाची, सुई कोरडी. फेरे चढत जाऊन बऱ्याच वेळानं बंद पडलं तर ओली. दोन-चार सेकंदात किंचित चढून बंद पडलं तर बरोबर.

गॅरेजवाला
'ओलं' आणि 'ओव्हर' एक नव्हे, हेही लिहा. गाडी ओव्हर झाली म्हणतो तसं सिलिंडरमध्ये इंधनच साचलं तर ते ओव्हर. उलटं बसवलेल्या इंजिनात हमखास होतं. द्रव दाबला जात नाही, वर स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पंखा हातानं फिरवताना मध्येच अडला की जोर करू नका. प्लग काढा, पंखा फिरवून इंधन बाहेर टाका, मग पुढचं.

कोशप्रेमी
'धक्का'चं काय?

उद्यमनगरी
चारपैकी धक्का एकातच बसतो. बाकी तीन वेळा दट्ट्या नुसता धावतो. 'धाव' म्हणा नाहीतर सरळ 'स्ट्रोक' ठेवा. आमच्याकडं शेतावरच्या ऑइल इंजिनाला 'इंजान' म्हणतात, त्याच्या मेस्त्रीलाही 'फोरस्ट्रोक' कळतं.

टॅपेटचं वाक्य मात्र पूर्ण बदला. 'टाइट' ऐकून माणूस आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळतो. फट उरत नाही, झडप पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. थोडा आवाज असणारच. 'टॅपेट'ऐवजी 'फट' लिहा, कारण मोजायची ती झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट आहे. ओ. एस. या जपानी कंपनीच्या इंजिनांना ०.०४ ते ०.१० मिलिमीटर सांगितलेली असते.

इंजिन पूर्ण गार हवं. पंखा चालत्या दिशेनं फिरवून कॉम्प्रेशनच्या टॉपला घ्या, दोन्ही रॉकर मोकळे हलले पाहिजेत. तसे हलत नसतील तर पंखा आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, कारण झडपा उघडणारा कॅम अर्ध्या वेगानं फिरतो. लॉकनट ढिला करा, फट मोजायची ०.०४ ची पत्ती घालून स्क्रू हलका टेकवा, लॉकनट आवळा. आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून परत तपासा: ०.०४ ची पत्ती सरकली पाहिजे, ०.१० ची शिरता कामा नये.

गॅरेजवाला
गारच का, तेही लिहा. ॲल्युमिनियमचं सिलिंडर तापून रॉकर ढकलणाऱ्या पोलादी पुशरॉडपेक्षा जास्त वाढतं, फट मोठी होते. गरम असताना ती कमी केलीत तर गार झाल्यावर झडप उघडीच राहते आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरूच होत नाही.

शब्दशोधक
आणि 'आफ्टर-रन ऑइल'? 'मागाहूनचं तेल' कसं वाटतं?

धावपट्टी
'ठेवणीचं तेल' म्हणा, ठेवायच्या आधी घालतात ते. पण आधी आयडलवर नळी चिमटून उरलेलं इंधन संपवा, फुल थ्रॉटलवर नको, ते पुन्हा कोरडंच. मग कार्ब्युरेटरमधून आणि ब्रीदरच्या (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून थोडे थेंब घालून पंखा दहा-बारा वेळा फिरवा. मिथेनॉल ओल ओढतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये असंच ठेवलं तर बेअरिंगला गंज धरतो, पंखा फिरवताना खरखर लागते.

शब्दशोधक
वाक्य बदललं: 'सुई उजवीकडे आवळल्यास मिश्रण कोरडे होते.'

उद्यमनगरी
'आवळणं' नटाला. सुई शेवटपर्यंत आवळली की टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. शिवाय आडव्या-उलट्या इंजिनावर उजवीकडं कुठलं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. 'सुई आत घेतली की मिश्रण कोरडं, बाहेर घेतली की ओलं.' एवढंच लिहा.