चाळींमधले कागद: विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आधी घ्यावेत की आधी सूचीची सोय करावी?

दप्तरवाली
गिरगाव-लालबागच्या चाळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत आणि माळ्यांवरून जुने कागद खाली येताहेत. मंडळांची इतिवृत्तं, युनियनच्या पावत्या, 1982च्या गिरणी संपाची पत्रकं. "विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाका" असं जो तो सुचवतो. माझं स्पष्ट मत असं की जेवढ्याची सूची करायला माणसं आहेत, तेवढंच ग्रंथालयाने घ्यावं.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातली अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितं परदेशी अभ्यासकालाही सापडतात, कारण 1935 मध्ये त्यांची वर्णनात्मक सूची छापली गेली. संस्कृत हस्तलिखितांची सूची 1944 मध्ये आली, कायदेपंडित आसफ फैजींनी दिलेल्या इस्माइली (शिया मुस्लिमांचा एक पंथ) हस्तलिखितांची 1965 मध्ये. सूचीत नसलेला कागद वाचकापुरता नसल्यासारखाच.

शिवाय मुंबईचा पावसाळा! हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, कागदाला साधारण 50 मानवते. कसर लागलेलं एक बाड न तपासता आत घेतलं तर शेजारची दहा खराब होतात. वेगळी खोली, आम्लरहित खोकी, बारमाही कोरडी हवा हे सगळं नसताना "घेतो" म्हणणं म्हणजे देणाऱ्याची फसवणूक.

परळकर
अजिबात सहमत नाही. खोली रिकामी करायची तारीख आली की चार दिवसांत सगळं रद्दीवाल्याकडे जातं. सूची दहा वर्षांनीही करता येईल, लगदा झालेल्या पत्रकाची कशी करणार? इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. आधी कपाटांची सोय होऊ दे म्हणून ते थांबले असते तर?

आणि कागदन् कागद नोंदवायची गरजच नाही. पेशवे दप्तर रुमालांत बांधलेलं आहे, अभ्यासक रुमालाचा क्रमांक सांगून मागवतो. प्रत्येक बाडाला एक पान पुरे: कोणाचं, कुठून आलं, कोणत्या वर्षांचं, आत काय प्रकारचं. हे काम एका दुपारचं आहे.

दप्तरवाली
राजवाडे नुसते गोळा करून थांबले नाहीत, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड त्यांनी छापले.
रुमालाची पद्धत मला मान्य आहे, पण मूळ बांधणी टिकली तरच ती चालते. उत्साही माणसं फोटो एकीकडे, पत्रं दुसरीकडे करतात आणि कोणत्या पत्रासोबत कोणता फोटो आला होता हे कायमचं जातं.

कलिना_लोकल
स्कॅन करा आणि मूळ कागद घरच्यांना परत द्या. जागेचा प्रश्नच मिटला.

दप्तरवाली
मिटत नाही. स्कॅनलाही नावं द्यावी लागतात, दोन ठिकाणी प्रती ठेवाव्या लागतात, दर काही वर्षांनी त्या उघडताहेत का ते पाहावं लागतं. शिवाय पत्र ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे कॉपीराइट असतोच असं नाही, तो मुळात पत्र लिहिणाऱ्याचा. युनियनच्या कागदांत कोणाचं कर्ज, कोणाचा आजार नावानिशी असतो. ते सरसकट इंटरनेटवर टाकणं मला पटत नाही. काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायचा असेल तर दानपत्रातच लिहून घ्यायला हवं.

परळकर
खासगीपणाबद्दल पूर्ण सहमत. पण मूळ नियमाचा परिणाम बघा. "सूची होईल तेवढंच" म्हटलं की कोणाचे कागद आत येतात? ज्यांच्या घरी कपाट होतं, फायली होत्या, टंकलिखित पत्रं होती त्यांचे. बॅरिस्टरांचा पत्रव्यवहार एका आठवड्यात लागतो. गिरणीत साच्यावर (मागावर) काम करणाऱ्या कामगाराने ट्रंकेत कोंबलेली पत्रकं, भजनी मंडळाची वही, खानावळीचा हिशेब यांना वेळ लागतो, म्हणून ते बाहेर. उद्या गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती मालकांचे आणि पोलिसांचेच कागद उरतील. मला हे सहन होत नाही.

दप्तरवाली
हा मुद्दा माझ्या नियमापेक्षा जड आहे, मान्य. म्हणूनच मागणी पैशाची करावी. प्रेमचंद रायचंदांनी 1864 मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख रुपये दिले. इमारतीला दाते मिळतात, सूची करणाऱ्याच्या पगाराला मिळत नाहीत. चाळीच्या जागी टॉवर बांधणाऱ्याकडून तो खर्च का घेऊ नये?

चाळकरी७
वाद वाचतोय. आमच्या मंडळाच्या वह्या उद्याच हलवायच्या आहेत. काय करू?

परळकर
क्रम बदलू नका. टाचण्या काढा, पण चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या स्वच्छ सुती कापडात बांधा. प्रत्येक गाठोड्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला: कोणाच्या खोलीतून, कधी निघालं.

दप्तरवाली
आणि ग्रंथालयाला द्याल तेव्हा दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला) लेखी मागा. यादी कधीपर्यंत होईल ते दानपत्रात लिहून घ्या, नाहीतर सही करू नका.

परळकर
सहीसाठी वह्या अडवू नका. आधी सुखरूप पोचवा.