ऐंशीच्या पुढे बीपी १३० च्या खाली आणण्याचा अट्टाहास कशासाठी?

मेघना, मिरज
आमचे आजोबा सत्त्याऐंशीचे. बीपीच्या तीन गोळ्या, शिवाय प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. दवाखान्यात खुर्चीत बसवून बीपी बघतात, वरचं १२६ आलं की सगळे खूश. घरी मात्र पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, कठडा सोडवत नाही. काल उभं करून मोजलं तर १०२! या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या पुढे १५०/९० च्या खाली असलं तरी पुरेसं धरतात. मग आपल्याकडेच तरुणांचा आकडा म्हाताऱ्यांच्या माथी का मारायचा?

विनायक, नाशिक
मेघनाताई, अजिबात पटत नाही. ‘वय झालं, आता राहू दे थोडं वर’ म्हणूनच माझ्या आत्याची गोळी बंद केली होती. पॅरालिसिसचा झटका आला, वाचा गेली, पुढची चार वर्षं घास भरवावा लागला. २००८ चा हायव्हेट अभ्यास बघा. ऐंशी आणि त्यापुढचे ३८४५ लोक, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती नकली गोळी. औषधवाल्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी. वयाची सबब तिथेच संपली.

मेघना, मिरज
दादा, त्या अभ्यासातलं लक्ष्य १५०/८० होतं, १३० नव्हे. आणि लोक घेतले ते वरचं १६० किंवा त्याहून जास्त असलेले, त्यातही बऱ्यापैकी धडधाकट. औषध नकोच असं मी म्हणतच नाही.

विनायक, नाशिक
मग स्प्रिंट हा दुसरा अभ्यास घ्या. पंचाहत्तरीपुढच्यांत वरचं १२० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवूनही फायदाच झाला, अशक्त लोकांतसुद्धा.

परभणीचा डॉक्टर
विनायकराव, उभं राहिल्यावर वरचं ११० च्या खाली जाणाऱ्यांना स्प्रिंटमध्ये घेतलंच नव्हतं. मधुमेही, आधी झटका येऊन गेलेले, वृद्धाश्रमात राहणारे, हेही वगळले होते. आजोबा तिथे बसतच नाहीत.

मेघना, पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ते नोंदवून डॉक्टरांना दाखवा. टॅम्सुलोसिननेही उभं राहताना बीपी पडतं, त्यामुळे सगळी औषधं एकत्र न्या. घरच्या घरी काहीही बंद करू नका. त्यांत बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, असेल आणि तो एकदम तोडला, तर छातीत दुखू लागू शकतं.

सुनंदा, अकोला
आमच्याकडे मे महिन्यात आईंची बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी तशीच चालू राहिली. सोडियम उतरलं, त्या नातवालाही ओळखेनात. उन्हाळ्याआधी डोस तपासून घ्या, एवढंच सांगते.

विनायक, नाशिक
उभं करून मोजायचं, हे मान्य. पण गोळ्या कमी केल्या की आयुष्य वाढतं असं कुणी समजू नये. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या अशक्त लोकांच्या गोळ्या उतरवून पाहिल्या, २०२५ मध्ये निकाल आला. मृत्यू काही कमी झाले नाहीत.

मेघना, मिरज
वाढलेही नाहीत ना, दादा? मग जी गोळी काढून बिघडत नाही, ती आजोबांनी चक्कर सोसत का गिळायची? सोमवारी सगळ्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जातेय. तीनच्या दोन करता येतील का, हेच विचारणार आहे.

विनायक, नाशिक
विचारा. पण त्याआधी टॅम्सुलोसिनचं विचारा. आणि गोळी कमी केलीच, तर महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा. १५० च्या वर राहू लागलं तर परत सुरू करायला लाजू नका.