मदत हवी आहे: गाडी विकण्याआधी तिच्यातला फोनचा डेटा कसा पुसायचा?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात गाडी विकतोय. ब्लूटूथने फोन जोडला की कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगची प्रत गाडीत उतरते. नेव्हिगेशनमध्ये घरचा पत्ताही सेव्ह आहे. फॅक्टरी रीसेटने हे सगळं खरंच जातं का?

मोठी काळजी वेगळीच. गाडीत ई-सिम (आतच बसवलेलं, गाडीला इंटरनेट देणारं सिम) आहे. ॲपवरून लोकेशन दिसतं, दारंसुद्धा उघडतात. ॲपमधून गाडी काढली की पुरे, की सर्व्हिस सेंटरला सांगून मालकाचं नाव बदलून घ्यावं लागतं? विकलेली गाडी माझ्या फोनवर फिरताना दिसली तर भलतंच व्हायचं! मोझिलाने (फायरफॉक्स ब्राउझरवाली संस्था) २०२३ मध्ये २५ कार ब्रँड तपासले, गोपनीयतेत एकही पास झाला नाही. म्हणून कंपनीच्या भरवशावर सोडवत नाही.

नव्या गाडीत कॉन्टॅक्टची परवानगी नाकारून नुसते कॉल घेता येतात ना? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.