नैनीताल ते अल्मोडा: गाडी आपली, घाट परका, सोबत सासूबाई. जमेल का?

लष्करची सून

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून लिहिते आहे. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. (आमचं ग्वाल्हेरी मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक हसतात. तुम्हीही हसा, पण उत्तर द्या.)

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी उत्तराखंडातल्या कुमाऊँला निघायचं आहे. हाताशी सहा दिवस, त्यातले दोन जाण्यायेण्यात जाणार, म्हणजे खरे चारच. मूळ बेत फक्त नैनीतालचा होता. तलावात नाव, माल रोडवर भाजलेलं कणीस, चिरंजीवांसाठी रोपवे, झालं. पण सासूबाईंनी मध्येच जागेश्वर काढलं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. सासूबाईंचं माहेर हिंगोलीकडचं. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ‘नागेशं दारुकावने’ आलं की ते औंढा नागनाथ, त्यांच्यापुरता विषय तिथेच संपतो. गुजरातेत द्वारकेजवळ एक नागेश्वर आहे, त्याला त्या कधी मोजतच नाहीत. आता भजनी मंडळात कुणीतरी सांगितलं की अल्मोड्यापुढचं जागेश्वरही हाच मान सांगतं, तिथलं देवदाराचं बन म्हणजेच दारुकावन म्हणून. मला वाटलं आता भडकतील. तर म्हणाल्या, “दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. एकदा बघून येऊ.” वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि गाडी लागते. शिवपुरीला जाताना लागते, तर तिकडे काय होईल!

नकाशा नैनीताल ते अल्मोडा पासष्ट किलोमीटरच्या आसपास दाखवतो आणि वेळ दोन-सव्वादोन तास. आमचे हे म्हणतात, एवढ्यात तर आपण ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावी जाऊन चहा पिऊन परत येतो. पण ह्यांचा घाटात गाडी चालवण्याचा एकूण अनुभव म्हणजे उरवाई दरवाज्यातून किल्ल्यावर चढणं, तेही वर्षातून दोनदा, पाहुणे आले की. गाडी छोटी, पेट्रोलची, सात वर्षं जुनी. ब्रेकचे पॅड गेल्या दिवाळीत बदललेत.

तर प्रश्न असे. दोन तास खरे की नकाशाचे? मुक्काम एकाच गावी ठेवून दोन्ही शहरं करावीत की दोन मुक्काम करावेत? वाटेत क्वारब म्हणून जागा आहे, तिथे दरड कोसळत असते असं वाचलं, ते अजून आहे का? जागेश्वरला पायऱ्या किती? आणि गाडी लागू नये म्हणून सासूबाईंना पुढे बसवलं तर नकाशा कोण बघणार, हा आमच्या घरातला वेगळाच वाद आहे, त्यावरही मत चालेल.

बदलीवाला

ताई, बदलीमुळे सहा वर्षं हल्द्वानीत काढली आहेत. त्या रस्त्याने इतक्यांदा गेलोय की वळणं पाठ आहेत. दोन तास नकाशाचे. तुम्ही अडीच ते तीन धरा, सासूबाईंसाठी दोनदा थांबलात तर साडेतीन. लवकर पोचायचं बक्षीस कुणी देत नाही.

एक गोष्ट साहेबांच्या कानावर घाला. अल्मोड्याला ‘चढून’ जायचं असं सगळे धरून चालतात. तसं नाही. भवालीपासून खैरन्यापर्यंत रस्ता सतत खाली उतरतो, कोसी नदीपर्यंत. मग बराच वेळ नदीकाठाने, बऱ्यापैकी सरळ. शेवटी अल्मोड्याचा चढ. म्हणजे नवख्याची परीक्षा निघाल्या निघाल्या, उतारावर. लोक अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि पुढे ब्रेक धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसरा गिअर, पाय मोकळा, वळणाआधी थोडा ब्रेक, सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग असतात, तुमचे हे त्यातले नसतील अशी आशा.

क्वारब खरं आहे. २०२४ च्या पावसाळ्यापासून तिथला डोंगर खचतो आहे. रस्ता कधी एकेरी करतात, कधी रात्री बंद, कधी साफ बंद. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारा आणि सकाळी परत विचारा. बंद असेल तर खैरन्याला कोसीवरचा पूल ओलांडून रानीखेत, तिथून मजखालीवरून अल्मोडा. तीसेक किलोमीटर वाढतील, वेळ चार-साडेचार तास होईल, पण रस्ता चीड (पाइन) आणि देवदारांच्या झाडांतून जातो आणि हवा स्वच्छ असली तर त्रिशूळ, नंदादेवी समोर. खरं सांगायचं तर क्वारब उघडं असतानाही मी जाताना नदीकाठाने आणि येताना रानीखेतवरून असाच यायचो.

मुक्कामाबद्दल: नैनीतालमध्ये गाडी नेऊ नका. दिवाळीच्या आठवड्यात तर नकोच. पार्किंग मिळत नाही, संध्याकाळी माल रोडवर गाड्या सोडत नाहीत, आणि गर्दी वाढली की पोलीस शहराबाहेरच अडवून शटलने पाठवतात. भीमतालला राहा. तिथेही तलाव आहे, शांत आहे, आणि भवालीवरून अल्मोड्याचा रस्ता सरळ लागतो. नैनीताल तिथून बावीसेक किलोमीटर, एक दिवस टॅक्सीने करून या.

छावणीकर

काय सांगता, चक्क ग्वाल्हेर! मी शिंदे की छावणीचा, आता नोकरीपायी नोएडात.

वहिनी, उरवाईला कमी लेखू नका. तो चढ अरुंद, तीव्र, वर माणसं, रिक्षा, मधूनच एखादी गाय. भाऊंना सांगा, निघायच्या आधी चार सकाळी उन्हं चढायच्या आत तिथे जा. चढावर मुद्दाम थांबा, हँडब्रेक ओढा, पुन्हा सुरू करा. गाडी वीतभरही मागे सरकता कामा नये. उतरताना पूर्ण वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. बाजूच्या कातळातले तीर्थंकर बघत बसायचं नाही, ते पंधराव्या शतकापासून तिथेच आहेत, पुढच्या वेळीही असतील. हे चारदा जमलं की खैरन्याचा उतार जमला.

बाकी ग्वाल्हेर ते हल्द्वानी एका दिवसात हाणायच्या फंदात पडू नका. आग्रा, हाथरस, कासगंज, बदायूं, बरेली. साडेचारशेच्या पुढे अंतर जातं आणि मध्ये ट्रॅक्टर, ऊस, वराती, सगळं भेटतं. बरेलीला रात्र काढा. १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजा रोहिलखंडात उतरल्या त्यांनीही एका दिवसात गाठलं नव्हतं, आणि त्यांना टोलनाकेही नव्हते.

आगगाडीप्रेमी

सगळे गाडीचा गिअर शिकवताहेत, मी वेगळंच बोलतो. ताई, गाडी घरी ठेवा. ग्वाल्हेरहून दिल्लीला दिवसभर गाड्या आहेत. जुन्या दिल्लीहून रानीखेत एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास सुटते आणि पहाटे काठगोदामला सोडते. सासूबाई रात्रभर आडव्या झोपून येतील. काठगोदाम हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळच नाहीत, त्यामुळे उतरायची धांदल नाही. बाहेर टॅक्सी उभ्या असतात. चार दिवसांसाठी एकच टॅक्सी ठरवा, ड्रायव्हर त्याच डोंगरातला. क्वारब उघडं की बंद हे त्याला तुमच्या हॉटेलवाल्याच्या आधी कळतं.

तिकीट मात्र आजच बघा. दिवाळीचं आहे.

लष्करची सून

सगळ्यांचे आभार. ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. बदलीवाल्या दादांचं ‘उतारावरची परीक्षा’ ऐकून गप्प झाले. आगगाडीप्रेमींचं वाचल्यावर मात्र उठून गॅलरीत गेले. सात वर्षांत गाडीला एकदाही डोंगर दाखवला नाही, हे त्यांचं दुःख आहे. गाडीचं काय मत आहे कुणी विचारलं नाही.

छावणीकर भाऊजी, रविवारी पहाटे उरवाईला गेलो होतो. पहिल्यांदा गाडी दोन हात मागे आली. मागे कुणी नव्हतं म्हणून बरं. तिसऱ्यांदा जमलं. चिरंजीव प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होते, त्याने परिस्थिती सुधारली नाही.

जागेश्वरबद्दल कुणी सांगितलं नाही अजून. मुख्य प्रश्न तोच आहे हो.

अल्मोड्याची माहेरवाशीण

मी कुमाऊँनी, लग्न होऊन वडोदऱ्यात आले, मराठी सासूबाईंनी शिकवलं, चुका पदरात घ्या.

जागेश्वर अल्मोड्यापासून पस्तीस किलोमीटर. दीड तास. पायऱ्यांची काळजी नको, देऊळ डोंगरमाथ्यावर नाही, खाली दरीत ओढ्याकाठी आहे, रस्ता जवळपास दारापर्यंत जातो. सव्वाशेच्या आसपास लहानमोठी देवळं एकाच आवारात आणि चहूकडे देवदार, इतके उंच की दुपारीही सावली. फरशी मात्र बर्फासारखी गार असते आणि चप्पल बाहेर. तुमच्या सासूबाईंना जाड लोकरीचे मोजे घाला, जुने, कारण ओले होतील. चिरंजीवांनाही.

कसारदेवीलाही लोक जातात, १८९० मध्ये विवेकानंद तिथे ध्यानाला बसले होते. पण तिथे चढण आहे. गुडघ्यांसाठी नको. तुम्ही दोघं पहाटे जाऊन या, सासूबाई हॉटेलच्या गच्चीत उन्हात बसतील.

गाडी लागण्यावर: रिकाम्या पोटी बसवू नका आणि पुरीभाजी खाऊनही नको. कोरडी पोळी, आलेपाक. गोळी देणार असाल तर डॉक्टरांना विचारून, बसायच्या अर्धा-पाऊण तास आधी. पुढच्या सीटवर बसू दे, नजर लांब रस्त्यावर. नकाशा बघायची गरजच नाही, रस्ता एकच आहे, चुकून जाणार कुठे.

गरमपानीला थांबालच, सगळे थांबतात. तिथे काकडीचा रायता मिळतो, मोहरी फेसून घातलेला. तुमच्या मोहरीच्या कोशिंबिरीचा पहाडी भाऊ समजा. पहिला घास नाकात जातो. परतीच्या प्रवासात सासूबाईंना देऊ नका, जाताना तर मुळीच नको.

आणि कैंची धामवरून जाणार. भवालीच्या पुढे लगेच, नीम करोली बाबांचा आश्रम. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग मैलभर लागते. सकाळी सातच्या आत तिथून पुढे निघून जा, दर्शन येताना घ्या, तेही मधल्या वारी.

बदलीवाला

ताईंचं बरोबर. कैंचीचा जाम मी हिशेबात धरायला विसरलो. साडेतीन तासांत तो नाही.

लष्करची सून

ठरलं एकदाचं. ताईंचं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, मतदान झालं, तीन विरुद्ध एक. दिल्लीपर्यंत आणि पुढे काठगोदामपर्यंत आगगाडी. तिकीट वेटिंगवर आहे पण आकडा एक अंकी. भीमतालला दोन रात्री, अल्मोड्याला दोन. ड्रायव्हरसकट टॅक्सी. ह्यांना कबूल केलंय की येत्या उन्हाळ्यात आपल्या गाडीने पचमढी, फक्त आपण दोघं. उरवाईची प्रॅक्टिस त्यासाठी चालू आहे. काल गाडी अजिबात मागे आली नाही.

येताना बाल मिठाई आणायची फर्माईश शेजारून आली आहे. ग्वाल्हेरपर्यंत टिकेल का?

अल्मोड्याची माहेरवाशीण

बाल मिठाई टिकते, खवा चॉकलेटी होईपर्यंत परतलेला असतो. सिंगौडी मात्र तिथेच खा. पानात गुंडाळलेली ताजीच चांगली, घरी नेईपर्यंत मजा जाते. लाला बाजारात घ्या, दगडी फरशीची गल्ली आहे, गाडी आत जात नाही, चालत फिरायला छान.

एक राहिलं. जागेश्वरच्या वाटेवर अल्मोड्याबाहेर आठेक किलोमीटरवर चितई लागतं, गोलू देवतेचं. आमच्याकडचा हा न्यायाचा देव. ज्याला कोर्टात न्याय मिळत नाही तो इथे अर्ज लिहून टांगतो, कुणी तर चक्क स्टॅम्प पेपरवर. काम झालं की घंटा बांधायची. हजारो घंटा आहेत. पाच मिनिटं थांबा.

लष्करची सून

ताई, हे तुम्ही सांगायला नको होतं. सासूबाई आत्ताच विचारून गेल्या की औंढा आणि जागेश्वर यांतलं खरं दारुकावन कोणतं, याचा निकाल त्या देवाकडे मागता येईल का. आणि स्टॅम्प पेपर ग्वाल्हेरहून न्यायचा की अल्मोड्यात मिळतो?

अल्मोड्याची माहेरवाशीण

साधा कागद चालतो हो. पण त्यांना एवढं सांगा, गोलू आमच्या गावचा आहे. निकाल कुठे जाईल याचा विचार करून अर्ज करा.